दाराले लागलेला कापूस

गादी नेऊ नका, असं म्या एकदा नाई, तोंड दुखेपर्यंत सांगतलं होतं. सतरंजी न्या, चटई न्या, नाई तं अमरावतीच्या बाजारातून काई तरी घ्या. पण अफसानाच्या अब्बापुढं बोलणं म्हणजे भिंतीसंगं बोलणं. नवऱ्याचं नाव मी घेत नाई. तेल्हाऱ्यात लोक त्याईले शफी गादीवाला म्हणतात, तेवढं पुरे. बापजाद्यापासून कापूस पिंजाचा धंदा. गादीवाल्याची पोट्टी परक्या गावात फरशीवर निजन, अन् मंग मी गिऱ्हाइकापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू, हे त्यायचं म्हणणं.

बरं, गादी तरी कोणती? आमच्या घरची एक रीत हाये. पोरगी झाली की दर हंगामात पयल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, मूठ-मूठ कापूस बाजूले टाकाचा. पोरीच्या लग्नात बापानं त्या कापसाची गादी सोताच्या हातानं भरून द्याची. अफसानाचा कापूस माह्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. उंदरापासून तो जपता-जपता माही अर्धी जिंदगी गेली.

त्या साली कपाशीवर लाल्या आला. पानं लाल पडून गळली, बोंडं लिंबाएवढी व्हायच्या आधीच तोंड वासून बसली. शेतात कापूस नाई तं लग्नं नाईत, अन् लग्नं नाईत तं गादी कायले? ज्याच्याकडे लग्न होतं तोही फोमची गादी टेम्पोत टाकून आणे. आमची पिंजाची मशीन बंद पडून तिच्यावर चिमण्या बसाले लागल्या. अन् अशात पोट्टी दारात येऊन म्हणे, "अम्मी, मेरा नंबर लग गया. एमेस्सी. अमरावतीले." घरात आमची अशीच खिचडी बोली हाये, अर्धी हिंदी अन् अर्धी वऱ्हाडी.

अब्बा त्या दिवशी जेवले नाईत. दुसऱ्या दिवशी शिडी लावली, माळ्यावर चढले अन् गाठोडं खाली टाकलं.

माही नणद तवा आमच्याकडेच होती. तिनं तोंड वाकडं केलं. "लग्नाचा कापूस अन् शाळेले? असं कुठं असते का?"

"कापसाले काय समजते," अब्बा म्हणे, "कोण कायसाठी आपल्यावर निजलं ते."

पण पोट्टीले त्याईनं एक गोष्ट बजावून ठेवली. होस्टेल तं भरूनच गेलं होतं. तवा, खोली घरंदाज माणसाच्या घरात भेटली तं राहाचं. नाई भेटली तं त्याच बसनं माघारी. अफसाना हो म्हणली. तिची मान हो म्हणली, पण डोळे माह्याकडे होते.

आता गंमत पाहा. खोलीचा पत्ता नाई, अन् गादी बसच्या टपावर! "खोली भेटली तं पुन्हा न्याले कोण येईन?" हे अब्बाचं गणित. अकोल्याच्या स्टँडावर बस बदलली अन् आभाळ फाटलं. बस निघेपर्यंत टपावरची गादी भिजून चिंब. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतून तिचंच पाणी माह्या मांडीवर गळत होतं. अब्बा समोर पाहत बसले.  मले बोलाले लय होतं, पण बसमधे पोट्टीसमोर नको म्हटलं.

मंग अमरावतीत आमी तिघं खोली शोधत फिरलो. पुढं अफसाना, मागं मी, मधे हे डोक्श्यावर ओली गादी घेऊन. ओल्या गादीचं वजन ज्यानं उचललं त्यालेच माहीत. त्यायची मान खांद्यात घुसली होती, पाणी कानामागून सदऱ्यात चाललं होतं. लोक पाहत. अन् खोल्यायचं असं, की नाव सांगेपर्यंत खोली खाली राहे, नाव सांगतलं की भरून जाये. एका बाईनं तं आमाले पाणी पाजलं, चहा विचारला, खोटं कावून बोलू? पण खोली तिच्या भाच्याले द्याची आठवण तिले नाव ऐकल्यावरच झाली.

दुपार कलली. अब्बा रस्त्यातच थांबले. "बस झालं," म्हणे. "माघारी जाऊ."  अफसानानं एका फाटकापुढं बॅग खाली ठेवली अन् ओढणीनं तोंड पुसलं. ते पावसाचं पाणी होतं का दुसरं, म्या विचारलं नाई.

त्या फाटकातून एक बाई बाहेर आली. उंच, काळीसावळी, हाताले पीठ लागलेलं. तिनं आमच्याकडे पाह्यलं अन् पयला शब्द काय काढला? "अवं बाप्पा! ते ओझं उतरवा ना आधी! मान मोडन त्या माणसाची!"

नाव नाई, गाव नाई, काम नाई. आधी ओझं उतरवा. ती जयवंताबाई. तिनं सोता एका अंगानं गादी धरली अन् ओसरीत टेकवली. मंग नावं सांगतली. तिचं तोंड बदलते का ते म्या बारकाईनं पाह्यलं. बदललं नाई. "सर्वात वरच्या मजल्यावर एक पोट्टी हाये, तिवस्याची, वर्षाली. तिले जोडीदार पायजेच हाये," म्हणे. "खाट नाई बा माह्याकडे. गादी तं तुमी आणलीच हाये."

तिचा नवरा उत्तमराव. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. त्याचं सारं नियमानं. जिना आठवड्यात एकदा पोरीईनं झाडाचा, मोटर सकाळीच लावाची, दार आपटाचं नाई, फाटक नवाले बंद. त्यानं एक-एक नियम सांगतला अन् दर नियमाले अब्बा "हो जी" म्हणत गेले. त्या माणसाच्या कपाळाच्या आठ्या काई मले आवडल्या नाईत. पण छप्पर भेटलं होतं. मी मनातल्या मनात त्या आठ्याईलेही सलाम केला.

अब्बा त्याच संध्याकाळी गेले, मी पोट्टीचं बस्तान बसवाले राहिली. खाली उत्तमरावचं घर, वर तीन मजले भाडेकरू; फ्लॅट म्हणजे काय हे मले तठी समजलं. आंगण नाई. राख टाकाले जागा नाई, उष्टं खाले कोंबडी नाई. पाणी नळाले आलं तं आलं, नाई तं बादल्या घेऊन खाली. अन् सारे दारं सारखे! सारे मजले सारखे! मी पयल्याच दिवशी बादली घेऊन चढली, दार ढकललं, "सरक, पाणी सांडन," असं म्हणत सरळ मोरीत गेली. मागं वळून पाहते तं एक माणूस बनियनवर वरण-पोळी खाऊन राहिला, घास हातातच. मी एक मजला कमी चढली होती. म्या काय केलं? "जेवा, जेवा," म्हणली अन् बादली घेऊन निघून आली. वर्षाली हे ऐकून हासून हासून गादीवर लोळली. गुणाची पोट्टी. तिच्या घरी झेंडूची शेती, तिच्या कपड्याईले पण झेंडूचा वास येत राहे. मले ती मावशी म्हणे.

अन् लाईट! वऱ्हाडात तवा लाईट जास्त वेळ जाये अन् थोडा वेळ राहे. दिवेलागणीले हमखास गूल. जिना म्हणजे विहीर. मी गावाले आल्यावर अफसानाचा फोन आला, तर सांगे, आज अंधारात खालच्यायचंच दार ठोकलं. तठच्या काकूंनी उघडलं अन् म्हणे पुन्हा तूच का वं? मी हासली. पण फोन ठेवल्यावर मले वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या घरात माह्या पोरीले आपलं दार सापडत नाई.

गादीचं मात्र ती काई बोलली नाई. बोलली असती तं अब्बा त्याच दिवशी निघाले असते.

दिवाळी तोंडावर आली तवा आमी दोघं पोट्टीले भेटाले गेलो. अब्बा खोलीत शिरले अन् बसाच्या आधी त्याईनं गादीवर हात ठेवला. तळहात फिरवला, बोटं दाबली. त्यायचं तोंड उतरलं. गादी भिजली होती, पंख्याखाली वाळवली होती, अन् आत कापसाचे गोळे-गोळे झाले होते. मधे खड्डा, कडेले गठुळं.

"याच्यावर निजतं तू?"

"सवय झाली, अब्बा."

"पाठ दुखते का?"

"नाई."

वर्षाली मधेच बोलली, "दुखते काका. रोज सकाळी कंबर धरून उठते."

अब्बाईनं मंग संगं आणलेलं पटकुराचं गाठोडं सोडलं. आत काय होतं? त्यायच्या वडिलायची पिंजण! लांब लाकडी दांडा, त्याले ताणलेली आतड्याची तात, अन् तात ठोकाचा लाकडी मुठ्या. मशीन आल्यापासून ती माळ्यावर पडून होती. बसच्या टपावर गादी भिजलेली त्याईनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं होतं. दोन महिने मनात तेच घेऊन बसले होते, अन् मले सांगतलं नाई. गुपचूप नवी तात चढवली होती. मी पाहतच राहिली.

दुसऱ्या सकाळी अफसाना अन् वर्षाली कॉलेजले गेल्या. जयवंताबाई बहिणीकडे बडनेऱ्याले गेली होती. अन् उत्तमरावनं दिवाळीचा रंग काढला. मजूर लावला नाई त्यानं. मजुराचा हात त्याले पटत नसे. आदल्या दिवशी सारं घासून ठेवलेलं, अन् पहाटेपासून सोता ऑइलपेंट मारून राहिला, मोरपंखी. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली उतरत गेला. आमच्या दाराले रंग लावला तवा म्हणे, "अंग लागू देऊ नका." आमी दोघं आडवे होऊन, कपडे आवळून, श्वास रोखून दारातून निघालो अन् गादी उचलून गच्चीवर गेलो. एवढी काळजी घेतली, बाप्पा.

तेल्हाऱ्यात आमचं आंगण हाये. कापूस पिंजला की त्याचे तंतू उडतात, निंबाच्या झाडावर बसतात, बकरीच्या पाठीवर बसतात, अन् वाऱ्यानं निघून जातात. आजवर कोणी तक्रार केली नाई. लोक सोताच बोलावून गच्ची उघडी करून देतात. तवा रंगाचा अन् कापसाचा काई संबंध असते, हे आमच्या डोक्श्यात शिरायले रस्ताच नव्हता.

अब्बाईनं तोंडाले गमचा बांधला. खोळ उसवली, गोळे मोकळे केले, अन् उकिडवे बसले. टंय, टंय, टंय. लय सालानंतर तो आवाज ऐकला. त्यायचा खांदा सुरात हालाले लागला. गोळे फुटले, कापूस उमलला, फुगला. वीस-एकवीस हंगामायचा कापूस, पण असा पांढरा की डोळे दिपावे. वारा सुटला होता. अर्धा कापूस ढिगात पडे अन् बारीक तंतू वर उठून जिन्याच्या तोंडाशी जात. मले ते पाहून लय सुख वाटलं. म्या म्हटलंही, "कसं बर्फावानी दिसून राहिलं!" बर्फ म्या कधी पाह्यला नाई, तरी म्हटलं.

खालून ओरडा चालू होता म्हणे. तातीच्या आवाजात आमाले काय ऐकू येते? उत्तमराव वर आला तवाच समजलं. हातात ब्रश, अन् भिवयांवर, मिशीवर, डोक्श्यावर कापूस. मले हासू फुटलं. म्या पदर तोंडात कोंबला. ती वेळ हासाची नव्हती.

"हे काय करून ठेवलं!" त्यानं ब्रश जिन्याकडे रोखला. "चला, पाहा खाली! पाहा!"

आमी उतरलो. आमच्या दाराले तं मिशा-दाढ्या फुटल्या होत्या. ओल्या मोरपंखी रंगावर पांढरं केसाळ फर. खालच्या मजल्याचं दार, त्याच्या खालचं, जिन्याची जाळी, खिडक्यांचे गज, फाटक, सारं घर एका सकाळीत म्हातारं झालं होतं. अब्बाईनं घाईनं गमचा काढला अन् दार पुसाले गेले. रंग फासल्या गेला, कापूस आणखी आत बसला.

"हात नका लावू!" उत्तमराव किंचाळला. "हात लावू नका कायलेच! दोन दिवसाची मेहनत! आमची बाई येऊ द्या घरी. पण मी आताच सांगून ठेवतो, पोरीसाठी दुसरी खोली पाहा तुमी."

अब्बाचे बोटं मोरपंखी झाले होते. ते त्या बोटाईकडे पाहत वर आले, पिंजण पटकुरात गुंडाळली, पिशवी बांधाले बसले.

"पोट्टी आली की निघू," म्हणे. "तिचं सामान काढ."

"अन् कॉलेज?"

"सांगतलं होतं तिले. खोली गेली तं माघारी."

माहं डोक्सं फिरलं. "अपमान तुमचा झाला, कापूस तुमी उडवला, अन् शिक्षण तिचं जाईन? हे कोणत्या कायद्यात हाये? त्या माणसानं आजच निघा म्हटलं का? चार शब्द बोलला. बोलू द्या! म्या त्याचं घर असं करून ठेवलं असतं तं त्यानं मले बोलाचं का आरती ओवाळाची?"

 त्याईनं पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. त्यायच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मंग हळूच म्हणे, "पण चुकलं ना वं माह्यानं." तेवढ्यानं माहा सारा राग गळून पडला.

दुपारी पोरी आल्या. अफसानानं फाटक पाह्यलं, खिडक्या पाह्यल्या, वर येऊन दार पाह्यलं. बापाची बांधलेली पिशवी पाह्यली.  कॉलेजच्या डब्यातून बारीक चिमटा काढला, झाडपाल्याच्या शिक्षणात फुलाच्या पाकळ्या सोडवाले त्याईले देतात तो, अन् खाली उतरली. वर्षालीनं पण तिचा चिमटा घेतला. दोघी फाटकापुढं उन्हात उभ्या राहून एक-एक तंतू उपटाले लागल्या.

उत्तमराव ओसरीत खुर्चीवर बसून पाहे. लय वेळ पाहत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवलं नाई.

"तसं नको ओढू. ओला हाये. साल निघते रंगाची."

"मंग काय करू, काका?"

"वाळू दे. वाळल्यावर घासा लागते."

अफसानानं हात खाली घेतला. मी जिन्यात उभी होती, मले सारं ऐकू आलं. "काका, मी खोली सोडू का?" असं सरळ विचारलं तिनं. 

उत्तमराव उठला अन् आत जाता-जाता म्हणे, "बाई येऊ दे."

बाई आली ती उन्हं उतरल्यावर. फाटकाशीच थांबली. मंग जे हासली ती! "अवं माय! घराले दाढी आली का वं!" पायरीवर बसूनच गेली, पिशवीतली कोथिंबीर खाली सांडली. उत्तमराव आतून ओरडला, "हासतं काय? हासतं काय?" तशी ती आणखी हासे. शेवटी डोळे पुसत वर आली. अब्बा पिशवी घेऊन दारातच उभे होते, खाली मान घालून.

"कुठं निघाले?"

"गावाले जी. चुकलं आमचं. पोरीले पण नेतो."

तिनं आमच्या डोक्श्यावरून गच्चीकडे पाह्यलं. "अन् ते काय वर? गादी अर्धी उसवलेली, सारा कापूस उघडा. दव पडन त्याच्यावर आता." तिचा आवाज एकदम कडक झाला. "आधी ते भरा! जायचं मंग पाहू!"

पयल्या दिवशी म्हणे आधी उतरवा, आज म्हणे आधी भरा. मले रडूच आलं. मी त्या बाईसमोर रडली, लपवलं नाई.

आमी सारे गच्चीवर गेलो. उजेड होता तोवर काम उरकाचं होतं. अब्बा खोळीत कापूस थरानं पसरत गेले, कोपरे मुठीनं ठासत गेले. मी दाभणात दोरा ओवला. खोळीचं एक टोक अफसानानं धरलं अन् दुसरं जयवंताबाईनं. ती मांडी घालून बसली, तिच्या केसात, तिच्या चांगल्या बाहेरच्या साडीवर कापूस. मी टाके घालत गेली. दाभण बोटाले टोचलं, रक्त आलं, तोंडात घालून पुन्हा टाका घातला. टाके घालता-घालता म्या तिले सांगतलं, हा कापूस कोणता हाये ते. जन्मापासूनचा, मूठ-मूठ, लग्नाचा.

जयवंताबाईचा हात खोळीवर थांबला. "मंग लग्नात काय देसान तिले?"

अब्बाईनं मान वर केली नाई. "दुसरा जमवू जी. कापूस काय, दर सालाले येतेच."

त्या सालातही त्याईनं असं म्हटलं. शेतात लाल काड्या उभ्या होत्या, मशीनवर चिमण्या बसत होत्या, तरी म्हटलं.

त्या दिवशी गावाची बस गेली ती गेलीच. जेवण जयवंताबाईकडून वर आलं, भाकर अन् वांग्याची भाजी. पण खोलीचं काय, हे कोणी काढलं नाई. मी अंगावर घोंगडी घेऊन पडली. पोट्टी नव्या भरलेल्या गादीवर. एवढ्या दिवसात पयल्यांदा ती पालथी न पडता सरळ पाठीवर निजली.

सकाळी खालून खरखर आवाज आला. उत्तमराव पॉलिशपेपर घेऊन फाटक घासून राहिला होता. अब्बा खाली गेले. पायरीवरचा दुसरा कागदाचा तुकडा उचलला अन् फाटकाच्या दुसऱ्या पल्ल्याले लागले. मी वरून पाहत होती. लय वेळ दोघायचे पाठमोरे खांदेच हालत होते.

मंग उत्तमरावचा आवाज आला. "गोल नका फिरवू. उभं घासा. वरून खाली."

"हो जी."

"जोर नका लावू. लोखंड दिसाले लागलं."

"जोर नाई लावला जी. रंगच पातळ होता."

"पातळ? काय पातळ? कंपनीचा रंग हाये!"

"तेल जास्त झालं असन मंग."

"तुमाले गादीतलं समजते का रंगातलं?"

"गादीतलं."

"मंग?"

मी अन् जयवंताबाई खिडकीत तोंडाले पदर लावून उभ्या. ते दोघं अशेच भांडत फाटकावरून खिडकीवर, खिडकीवरून जाळीवर चढत आले. जेवाले बसले तरी तेल किती अन् रंग किती, हेच चालू. उत्तमरावच्या बोटाईची कातडी निघाली, अब्बाईनं सोताच्या गमच्याची पट्टी फाडून त्याले बांधून देली. मंग उत्तमरावनं दुसऱ्या हातानं रंग मारला, घासणं अब्बाचं, ब्रश उत्तमरावचा. ब्रश त्यानं कोणाच्या हातात देला नाई.

असं करत-करत संध्याकाळी वर आले. सारं झालं होतं, आमचंच दार राहिलं होतं. अन् कापूस सर्वात जास्त त्याच दाराले. अब्बाईनं कागद टेकवला. उत्तमरावनं त्यायचं मनगट धरलं.

"हे राहू द्या."

अब्बा थांबले.  एवढं सारं घासलं अन् आमचंच दार तेवढं राहू द्या? आता खोली खालीच कराची तं घासून काय उपयोग, असंच ना? अब्बाईनं कागद खाली ठेवला. "काहून जी?" 

उत्तमरावनं दारावर पंजा ठेवला, कापसावरून खाली-वर फिरवला. कपाळाले आठ्या तशाच. "इथं दिवेलागणीले लाईट जाते. थे पोट्टी अंधारात खालच्यायचं दार ठोकत राहते, मंग त्यायची तक्रार ऐकाले मले वर या लागते." ब्रश डब्यात बुडवला. "याच्यावरून एक हात मारून देतो. कापूस आत बसन पक्का. आता हात लावला की समजन तिले."

अन् त्यानं त्या केसाळ दारावर वरून खाली रंग ओढाले सुरुवात केली. अब्बा बाजूले उभे. एका जागी ब्रशनं कापूस उचलल्या गेला, तवा त्याईनं बोटानं तो हळूच दाबून पुन्हा बसवला. उत्तमराव हात लावू नका म्हणला नाई.

अफसाना मागून कधी जिना चढून आली, आमाले समजलं नाई. पुस्तकं छातीशी धरून उभी होती. ती खाली वाकली अन् अब्बाच्या पिशवीची गाठ सोडली.

आमी तिले तठी ठेवून माघारी आलो. बसमधे अकोल्याजवळ अब्बा म्हणे, "जयवंताबाईच्या घरच्या गाद्या पाह्यल्या का तू? पार ढेपं झाली हायेत. उन्हाळ्याच्या आधी येऊन करून देईन." म्या म्हटलं, "हो, पण रंग वाळल्यावर." ते हासले. लय दिवसानं हासले.

थंडीत मी एकटीच गेली पोट्टीले भेटाले. बस लेट झाली. मी पोचली अन् लाईट गेली. जयवंताबाईनं कंदील देतो म्हटलं, म्या म्हटलं राहू द्या, जाते मी. हातात तिळाच्या लाडूचा डब्बा, एक हात भिंतीले. पयल्या मजल्यावर दार हाताले लागलं, गुळगुळीत. मी पुढं गेली. दुसऱ्यावरही गुळगुळीत. आणखी चढली. तठी हात ठेवला अन् तळव्याले खरखरीत लागलं, उंचसखल, आपल्या घरचं.

आत पोरी अंधारात मोठ्यानं काई तरी पाठ करून राहिल्या होत्या. म्या दार ठोकलं नाई लगेच. कपाळ टेकवलं त्या कापसाले, अन् ज्या घरानं माह्या पोरीले ठेवून घेतलं त्या घराचं भलं मागितलं. मंग हाक मारली, "अफसाना, उघड वं. बरोबर दारावर आली मी."